चावी बापाच्या हातात, खापर पोराच्या माथी

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव पोर्शे चालवत मोटारसायकलवरच्या दोघांना उडवलं. मेलेले दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीसाठी आलेले, माझ्यासारखेच इंजिनियर. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. ऐन लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्र कितीतरी दिवस त्या निबंधावरच बोलत होता. मग एकेक गोष्ट बाहेर येत गेली. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली ससूनमधल्या डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप वडिलांवर आणि आजोबांवर झाला. पुढे आईलाही अटक झाली.

मी पुण्यातच नोकरी करतो. त्या आठवड्यात माझ्या फोनवर कंधारच्या नातेवाइकांचे, शाळेतल्या मित्रांच्या वडिलांचे मेसेज सारखे येत होते. 'असल्या बापाला भर चौकात उभं केलं पाहिजे.' 'पैशाचा माज, दुसरं काय.' संताप खरा होता, त्याबद्दल शंका नाही. पण हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात नववी-दहावीचं पोरगं रोज गाडी चालवत होतं. आमच्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकल. लायसन नाही, हेल्मेट नाही आणि मागे दोन मित्र. पोर्शेच्या जागी स्प्लेंडर, पबच्या जागी ट्यूशन, कल्याणीनगरच्या जागी कंधार-लोहा रस्ता. बापाने केलेलं काम मात्र तेच. ज्याला गाडी चालवायचा अधिकार नाही, त्याच्या हातात चावी दिली.

अल्पवयीन मुलाचा अपघात झाला की आपण जाब विचारतो तो पोराला. आजकालची पोरं ऐकत नाहीत, मोबाइलने बिघडलीत, रील करतात, गाडी हाणतात. पोरगं गाडी हाणतं हे खरंच आहे. पण पोराने गाडी विकत घेतलेली नसते. पेट्रोलचे पैसे त्याचे नसतात. चावी दाराजवळच्या खिळ्याला कोणी अडकवलेली असते? जाब विचारायचा असेल तर तिथून सुरुवात केली पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आमच्याकडे त्याबद्दल भलते समज आहेत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखाली सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही. सोळा पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही लायसन काढून. शोरूममध्ये आज ज्या स्कूटी मिळतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात. म्हणजे 'बिनगिअरची आहे, तिला चालतं' हा समज साफ चुकीचा आहे. २०१९च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गाडी पालकाच्या संमतीनेच चालवली असं कोर्ट गृहीत धरतं. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हे बापाला सिद्ध करावं लागतं. या कलमात पोर्शे आणि स्प्लेंडर असा भेद नाही.

कैद-दंडाचं कोणाला फारसं वाटत नाही, कारण गावात त्याची उदाहरणं दिसत नाहीत. मग विम्याचं ऐका. लायसन नसलेल्या मुलाने एखाद्याला धडक दिली आणि तो माणूस दगावला, तर न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबाला भरपाई मंजूर करतं. अशा वेळी विमा कंपनीने आधी पैसे भरावेत आणि नंतर ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. मेलेला माणूस तरुण आणि कमावता असेल तर ही रक्कम लाखांत जाते. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या मालकाने ती कुठून भरायची, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या बाजूने, तुमचंच मूल गेलं तर पंधरा लाखांच्या अपघात विम्याचा आधारही नाही. तो मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन असेल तरच लागू होतो.

आकड्यांत बोलायचं तर २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यात महाराष्ट्रातली १५,२२४. देशभरातल्या या मृतांत ९,५२८ जण अठरा वर्षांखालचे होते, म्हणजे रोजचे सव्वीस. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दगावले आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते एकोणतीस या वयातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. मुलाला ताप आला की आपण रात्री दोन वाजता नांदेड गाठतो. मग ज्या गोष्टीने या वयाची मुलं सगळ्यात जास्त मरतात तिच्याबद्दल एवढे बिनघोर कसे राहतो?

आमचा नांदेड-लातूरचा पालक हा काही बेफिकीर पालक नव्हे. उलट देशातला सगळ्यात जागरूक पालक म्हणून त्याचं नाव आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून जो 'लातूर पॅटर्न' प्रसिद्ध झाला, त्याचं सार काय? काहीही नशिबावर सोडायचं नाही. सराव, पुन्हा सराव, दर आठवड्याला परीक्षा, प्रत्येक चुकीच्या उत्तराचा हिशोब. त्या पॅटर्नवर आज लातुरात आणि नांदेडात शिकवण्यांची आख्खी पेठ उभी आहे. मुलाच्या नीटसाठी आई दोन वर्षं लातुरात खोली करून राहते, त्याला डबा करून घालते. बाप इकडे शेत बघत हाताने भाकरी थापून खातो. मुलाचा स्मार्टफोन काढून बटनांचा फोन दिला जातो. कोणत्या धड्यावर किती प्रश्न येतात हे दहावी नापास बापालाही तोंडपाठ असतं. लाखाच्या वर फी भरताना हात आखडत नाही.

हाच बाप गाडीच्या बाबतीत काय करतो? मागच्या दिवाळीत मी कंधारला गेलो होतो. मावशीच्या घरी दारात नवी गाडी उभी होती. मावसभावाला दहावीला ब्याण्णव टक्के पडले होते, त्याचं बक्षीस.

"काका, त्याला अजून सोळा पूर्ण नाहीत," मी म्हणालो.

"अरे, उंचीनं माझ्यापेक्षा मोठं झालंय ते. दोन्ही पाय टेकतात."

"पण लायसन?"

"कंधारात कोण विचारतंय रे? आन् धरलंच तर एक फोन करू की."

काका वाईट माणूस नाही. पोरावर जीव आहे त्याचा. भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी त्याने तीन ठिकाणी डेमो लेक्चर बसून ऐकले होते. पण गाडीसाठीची प्रवेश परीक्षा एकच, पाय टेकतात का! नीटच्या एकेका मार्कासाठी जागणारा माणूस रस्त्याच्या बाबतीत सगळं नशिबावर आणि खंडोबावर टाकून मोकळा होतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आता 'एक फोन करू' याबद्दल. मुलाला पोलिसाने अडवलं की बाप नगरसेवकाला किंवा ओळखीच्या हवालदाराला फोन लावतो. 'आपलंच लेकरू आहे साहेब, सोडून द्या.' पोरगं बाजूला उभं राहून हे ऐकत असतं. त्या दोन मिनिटांत ते जे शिकतं ते कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. पकडलं तरी काही होत नाही आणि बापाच्या ओळखीचा उपयोग यासाठीच असतो, हा तो धडा. पुण्यातल्या त्या कुटुंबावर जे आरोप झाले ते याच धड्याच्या शेवटच्या पानावरचे आहेत. आपल्या पोराला पहिलं पान आपण वाचून दाखवायचं आणि शेवटच्या पानावर संताप करायचा, हे मला पटत नाही.

या विषयावर गावात तोंड उघडलं की ठरलेली चार उत्तरं येतात.

पहिलं, 'आम्हीपण त्या वयात चालवायचो, काय झालं?' तुम्हाला काही झालं नाही म्हणून तर तुम्ही हे सांगायला बसला आहात. ज्यांना झालं ते कट्ट्यावर येऊन सांगू शकत नाहीत. आणि तुमच्या वेळी रस्ता तरी असा होता का? लातूर-नांदेड राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. गाड्या जास्त ताकदीच्या झाल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मात्र अजूनही रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात. सुगीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. गतिरोधकावर पांढरे पट्टे नसतात. म्हशी पूर्वीसारख्याच आडव्या येतात.

दुसरं, 'पोरगं लय भारी चालवतं.' गिअर टाकता येणं, वळणावर तोल सांभाळणं, कट मारून पुढे जाणं हे हातापायाचं कसब आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ते आठ दिवसांत येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. रस्ता वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी धावत येणार, दार उघडणार, कुत्रं परत फिरणार, हे आधी दिसायला शेकडो तास रस्त्यावर जावे लागतात. साधा हिशोब करा. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर एसटी बसच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ब्रेक न लावताच संपलेलं असतं. आणि वेग तीसवरून साठवर नेला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. हे गणित मावसभावाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. त्यावर तो मार्क पाडतो आणि तेच गणित रोज संध्याकाळी रस्त्यावर विसरतो.

तिसरं उत्तर गरजेचं. 'शेतात डबा कोण नेणार? दूध कोण घालणार? शिकवणीला कसं जाणार?' हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते बऱ्याच अंशी खरं आहे. फुलवळ, पेठवडज, कुरुळा, बारूळ या बाजूच्या खेड्यांतून कंधारला शिकायला येणाऱ्या मुलाचं सगळं वेळापत्रक बसवर अवलंबून असतं. पहिली गाडी उशिरा आली की पहिला तास गेला. २०२१च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यापाड्यांतल्या मुलांनी शाळा-कॉलेजला जायचं कसं?

पण या गरजेचं आपण पुढे काय केलं? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना पासाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. कंधारला एसटीचं आगार आहे. सकाळची फेरी अर्धा तास आधी सोडा, संध्याकाळी शिकवण्या सुटल्यावर एक फेरी वाढवा, असं निवेदन घेऊन पन्नास पालक आगारात गेले तर ती बातमी होईल. आपण गेलो नाही. कर्ज काढून गाडी घेतली आणि प्रश्न सुटला असं मानलं. घरोघरी गाडी आली तसा बससाठीचा आवाज बसत गेला आणि बस रिकामी जाते म्हणून फेरी बंद करणंही सोपं झालं. मग ज्याच्या घरी गाडी नाही त्या मुलाने काय करायचं? तो मित्राच्या गाडीवर तिसरा बसतो.

आणि गरज खरी असेल तर कायद्यात बसणारे मार्गही आहेत. सायकल आहे. २५० वॅटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी २५च्या आत चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तिला लायसन लागत नाही. मात्र डीलरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कागद बघा. शिकवणीचे चार पालक मिळून आळीपाळीने मुलं सोडू शकतात, ऑटो लावू शकतात. लातूरला दोन वर्षं खोली करून राहण्याइतकं हे अवघड नाही.

चौथं उत्तर असं की 'पोरं ऐकतच नाहीत, नाही म्हटलं तर जिवाचं काहीतरी करून घेतील'. ही भीती मी खोटी म्हणत नाही. पण याच घरात एक मुलगीही आहे. तिला गाडी शिकायची असते तेव्हा तुम्हाला सगळं दिसतं. रस्ता वाईट, ट्रक मोठे, अंधार लवकर पडतो, लोक कसे आहेत माहीत नाही. तिला वीस वर्षांची झाली तरी 'कशाला पाहिजे गाडी?' म्हणून गप्प बसवता. म्हणजे नाही म्हणता येतं की! ते कोणाला म्हणायचं हे तेवढं उलटं झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पंचवीस वर्षांखालचे पुरुष रस्त्यावर मरण्याची शक्यता त्याच वयाच्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट असते. ज्याला थांबवायला हवं त्याला चावी आणि जिला अठराव्या वर्षी नीट शिकवायला हवं तिला घर, असा आपला न्याय.

बरं, अठरा पूर्ण झाल्यावर सगळं ठीक होतं का? मुळीच नाही. लर्निंग लायसनची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. तीस दिवसांनी आरटीओच्या कॅम्पात आठचा आकडा काढला की पक्कं लायसन. त्या दिवसापासून आपल्या कायद्याच्या लेखी तो मुलगा रात्री बारा वाजता, पावसात, मागे मित्र बसवून महामार्गावर जायला लायक ठरतो.

इतर देशांनी यावर वेगळा विचार केला. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने लायसन द्यायला सुरुवात केली. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि अनुभवी माणूस बरोबर नसेल तर सोबती बसवता येत नाहीत. यामागे निरीक्षण आहे. कोवळ्या वयाच्या चालकाबरोबर त्याच्या वयाचे सोबती असले की जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, आणि जितके सोबती जास्त तितका जास्त वाढतो. अमेरिकेत ब्रूस सायमन्स-मॉर्टन या संशोधकाने पालकांसाठी 'चेकपॉइंट्स' नावाचा कार्यक्रम केला. त्यात आईबाप आणि मूल बसून लेखी करार करतात. रात्र, सोबती, हवामान आणि रस्त्याचा प्रकार, या चार गोष्टींवर सुरुवातीला कडक मर्यादा आणि अनुभव वाढेल तशी सूट. त्यात भाग घेतलेल्या पालकांनी पहिल्या महिन्यांत खरोखर जास्त कडक मर्यादा घातल्या, असं अभ्यासात दिसलं.

माझ्या धंद्यात हे इतकं साधं आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही. कंपनीत नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी ग्राहकांच्या चालू सिस्टिममध्ये हात घालू देत नाहीत. आधी चाचणीच्या सिस्टिमवर काम, मग कोणीतरी तपासून दिलेले छोटे बदल, मग एकेक अधिकार. पोरगं हुशार आहे की नाही याचा इथे संबंध नसतो. चूक होणारच आहे, तर ती स्वस्तात पडेल अशा ठिकाणी होऊ द्यावी, एवढाच विचार असतो. वेबसाइट तासभर बंद पडू नये म्हणून आम्ही इतकी काळजी घेतो.

आपल्या कायद्यात हे टप्पे नाहीत. म्हणून ते घरात आणावे लागतील. यालाच मी गाडीचा लातूर पॅटर्न म्हणेन, आणि तो फीशिवाय मिळतो.

अठराच्या आधी चावी नाही. दहावीचं बक्षीस म्हणून नाही, मामाची गाडी म्हणून नाही, 'इथल्या इथे' म्हणूनही नाही. चावी खिळ्याला लटकवू नका, स्वतःजवळ ठेवा. किराणा आणायला, पाहुण्याला स्टँडवर सोडायला आपणच पोराला गाडीवर पाठवलं तर रविवारी फिरायला जाताना नाही म्हणायचा हक्क उरत नाही.

अठरानंतर लर्निंग लायसन काढलं की खरं शिकवणं सुरू करा. नियमाप्रमाणे शिकाऊ चालकाच्या मागे लायसन असलेला शिकवणारा सोडून कोणी बसू शकत नाही. तर मग तुम्हीच बसा. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. आधी सकाळी मोकळ्या रस्त्यावर. मग बाजाराच्या दिवशी गर्दीत. मग लोह्यापर्यंत. मग महामार्गावर. मग पावसात. सगळ्यात शेवटी अंधार पडल्यावर. प्रत्येक टप्पा जमला की पुढचा. मागे बसल्यावर ओरडू नका, विचारा. 'समोरचा ट्रॅक्टर आता काय करेल?' 'ती बाई रस्ता ओलांडेल असं वाटतंय का?' ही झाली टेस्ट सिरीज.

पक्कं लायसन आल्यावर पहिलं वर्ष मित्र मागे बसवायचे नाहीत आणि रात्री नऊनंतर गाडी काढायची नाही. वरातीला, माळेगावच्या यात्रेला जायचं तर बसने किंवा मोठ्या माणसाबरोबर. वहीच्या एका पानावर हे लिहा आणि दोघांनी सह्या करा. सहा महिने नीट गेले तर काय मोकळीक मिळेल तेही लिहा, कारण ज्या नियमाला शेवट नाही तो पोरं चोरून मोडतात. आणि एक ओळ बापाच्या बाजूनेही लिहा. 'कुठेही अडकलास, कोणी पिऊन गाडी चालवत असेल, तर रात्री कितीही वाजता फोन कर. मी न्यायला येईन आणि त्या रात्री काही बोलणार नाही.' ही ओळ पाळणं बापाला सगळ्यात जड जाईल.

गाडी घेताना हेल्मेट त्याच बिलात घ्या, आयएसआय शिक्क्याचं, मागच्यासाठी दुसरं. हेल्मेटने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होतो. नव्वद हजारांच्या गाडीवर हजार-बाराशेसाठी घासाघीस करू नका. आणि आधी ते स्वतः घाला. पोरगं तुमच्या मागे बसून दहा वर्षं बघत आलेलं असतं. तुम्ही हेल्मेट आरशाला अडकवून चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवता, तर तेही तेच करणार.

शेवटची गोष्ट फोनची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गाडी चालवताना फोनवर बोलू नको असं आपण सांगतो आणि पोरगं निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच आपणच फोन लावतो. 'कुठंवर आलास? लवकर ये, जेवण थांबलंय.' घरचा फोन, तोही बापाचा, उचलायलाच हवा असं त्याला आपणच लहानपणापासून शिकवलं आहे. मग तो मान वाकडी करून खांद्यात फोन धरतो. पोरगं रस्त्यावर असताना फोन करू नका. पोचल्यावर त्याने करायचा, असं ठरवा. आणि 'लवकर ये' हे शब्द गाडीवरच्या माणसाला म्हणायचेच नाहीत.

यातलं काहीही करायला सरकारी योजना लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. शाळा-कॉलेजांनीही हातभार लावला पाहिजे. अकरावीच्या वर्गाबाहेर चाळीस गाड्या लागतात तेव्हा त्यांतल्या बहुतेक बेकायदा चालवल्या गेल्या आहेत, हे समजायला मुख्याध्यापकांना आरटीओची गरज नाही. फाटकातून त्या आत घेणार नाही, एवढं म्हटलं तरी पुष्कळ. पण शाळेने, पोलिसांनी आणि आगाराने आपलं काम केलं नाही तरी बापाचं काम शिल्लक राहतंच. चावी शाळेने दिलेली नसते.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी नांदेडच्या शोरूमपुढे हार घातलेल्या गाड्यांचे फोटो सुरू होतात. मधे पोरगं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप, हातात चावी. यंदा तुमच्या घरी तसा निकाल लागला तर पेढे वाटा, घड्याळ घ्या, सायकल घ्या, आधी घेतली नसेल तर मुलीलाही घ्या. गाडीचे पैसे पोस्टात ठेवा. दोन वर्षांनी ते व्याजासह तिथेच असतील, आणि गाडी घ्यायला पोरगंही तुमच्याबरोबर असेल.